अंगणाखालची तेलाची टाकी : न्यू जर्सीत जुनं घर घेताना आणि विकताना

टाकी म्हटलं की आपल्याला पाण्याचीच आठवते. न्यू जर्सीत मेटचन, एडिसनचा जुना भाग किंवा पार्सिपनीतलं लेक हायवाथा इथे घर बघायला गेलात आणि वकिलाने पहिल्याच फोनवर ‘टँक स्वीप केलंत का?’, म्हणजे जमिनीत पुरलेल्या टाकीचा शोध घेतलात का, असं विचारलं, तर तो ज्या टाकीबद्दल बोलतोय ती तेलाची. घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरसाठी किंवा फर्नेससाठी लागणारं नंबर दोनचं हीटिंग ऑइल, म्हणजे जवळजवळ डिझेलच, तिच्यात साठवत. साधारण १९३० पासून १९७० च्या दशकापर्यंत बांधलेल्या हजारो घरांच्या अंगणात अशी टाकी पुरलेली होती. पुढे गल्लीत गॅसची लाइन आली, तेलाचे भाव भडकले, लोक गॅसकडे वळले आणि टाकी जागच्या जागी राहिली. कुणी ती रिकामी केली, कुणी वाळू भरली, कुणी नुसता पाइप कापून वर लॉन लावलं.

टाकी काढायला फारसा खर्च येत नाही. खरा खर्च येतो तो तिच्याखालच्या मातीत तेल मुरलं असेल तर. न्यू जर्सीच्या १९७६ च्या स्पिल कायद्यानुसार, म्हणजे गळतीच्या कायद्यानुसार, ही जबाबदारी चूक कुणाची हे न बघता मालकावर येऊ शकते. घर विकत घेण्यापूर्वी योग्य ती चौकशी केली नसेल तर ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव नव्या मालकाला मिळत नाही. म्हणून या लेखातल्या प्रत्येक पायरीचा रोख एकाच गोष्टीवर आहे: टाकी क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, आधी शोधायची, विक्रेत्याच्या नावावर असतानाच काढायची आणि कागद हातात आल्याशिवाय सही करायची नाही.

टाकी कशी असते आणि का गळते

घरगुती टाकी बहुधा ५५० किंवा १,००० गॅलनची असते. ५५० गॅलनची टाकी (सुमारे २,१०० लिटर) चार फूट व्यासाची आणि सहा फूट लांब, आडवी पुरलेली. १,००० गॅलनची तेवढ्याच व्यासाची, पण साडेदहा-अकरा फूट लांब. माथा जमिनीखाली दोन-तीन फुटांवर, म्हणजे तळ सहा-सात फुटांवर. टाकीला वरून दोन पाइप जोडलेले असतात. दोन इंची पाइप तेल भरायचा, दुसरा त्याहून बारीक, हवा बाहेर जाण्याचा व्हेंट. टाकीतून तळघरातल्या बर्नरकडे बोटापेक्षा बारीक अशा तांब्याच्या दोन नळ्या जातात: एक तेल आणणारी, दुसरी उरलेलं परत नेणारी.

बहुतेक टाक्या लेप नसलेल्या साध्या स्टीलच्या आहेत, पत्रा तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा. वीस-तीस वर्षांनंतर अशा टाकीचा भरवसा धरू नये, जरी काही टाक्या पन्नास वर्षांनीही धड निघत असल्या तरी. गंज दोन्ही बाजूंनी लागतो. बाहेरून ओली माती, त्यात स्टीलला जोडलेलं तांबं. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना जोडले की त्यातलं स्टील झिजतं. खड्डा भरताना भट्टीची राख टाकली असेल तर आणखी लवकर. आतून म्हणाल तर, थंडी-उन्हाळ्याच्या फेऱ्यात टाकीत दव धरतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी साठून पत्रा कुरतडत राहतं. आणि एक जागा हमखास सापडते: भरायच्या पाइपाच्या बरोबर खाली. तेल किती उरलंय ते बघायला वर्षानुवर्षं काठी घातली जाते, ती दर वेळी त्याच ठिकाणी आपटते.

पाइप विसरू नका. मॉरिसटाउनमधल्या एका शॉपिंग सेंटरचं प्रकरण २०१५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे भरायचे आणि व्हेंटचे पाइपच कुजले होते आणि दर वेळी टँकर आला की थोडं तेल मातीत जात होतं. टाकी धड आणि माती खराब, असंही होतं.

पायरी १ : घर बघायला जाताना डोळे उघडे ठेवा

पहिल्या भेटीतच वीस मिनिटं या कामासाठी काढा.

बाहेरून घराला एक चक्कर मारा. भिंतीला लागून जमिनीतून वर आलेला, टोकाला छत्रीसारखी टोपी असलेला लोखंडी पाइप दिसला तर तो बहुधा व्हेंट. जमिनीच्या पातळीला हातभर अंतरात गोल धातूचं झाकण असेल तर तो भरायचा पाइप. झाकण कधी गवताखाली, कधी झुडपात, कधी नंतर घातलेल्या पायवाटेच्या पेव्हरखाली दडलेलं असतं. अंगणात आयताकृती खोलगट भाग किंवा गवत नीट न धरणारा पट्टा असेल तर लक्षात ठेवा, पण एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

तळघरात भिंतीच्या किंवा फरशीच्या कडेला तांब्याच्या नळ्यांची कापलेली, चिमटलेली टोकं शोधा. रस्त्याकडच्या भिंतीत सिमेंटने बुजवलेली दोन-तीन इंची भोकं दिसली तर तिथून काहीतरी आत येत होतं. बॉयलर जुना असेल तर त्याच्यावरची पाटी वाचा. तेलाचा बॉयलर नंतर गॅस बर्नर लावून चालवलेला असू शकतो. गॅसचं मीटर आणि त्याची लाइन घरापेक्षा बरीच नवी वाटली तर प्रश्न विचारा: ‘त्याआधी घर कशावर गरम होत होतं?’

तळघरात २७५ गॅलनची उभट टाकी दिसली की बरेच जण सुस्कारा सोडतात. ‘चला, टाकी वरच आहे.’ थांबा. घर १९५० चं आणि तळघरातली टाकी १९९० ची असेल, तर मधली चाळीस वर्षं तेल कुठे साठवत होते? कित्येकदा जमिनीतली टाकी सोडून देऊन ही वरची बसवलेली असते.

१९८० नंतर गॅसच्या जोडणीसह बांधलेल्या टाउनहाउसच्या वसाहतीत हा धोका जवळजवळ नाहीच. मात्र जुन्या घराच्या जागी नवं घर बांधलं असेल तर वरचं घर पाडलं म्हणजे खालची टाकी निघाली असं समजू नका.

पायरी २ : कागद मागवा

विक्रेत्याकडून घराच्या स्थितीचं निवेदन घ्या. ऑगस्ट २०२४ पासून न्यू जर्सीत ते भरून देणं विक्रेत्याला बंधनकारक आहे आणि जमिनीखालच्या टाक्यांबद्दल त्यात थेट प्रश्न आहेत. पण विक्रेता त्याला माहीत असलेलंच लिहितो. ज्याने दहा वर्षांपूर्वी घर घेतलं आणि कधी खोदलं नाही, त्याचं ‘नाही’ प्रामाणिक असेल, तरी त्याचा उपयोग नाही.

टाउनच्या क्लार्ककडे ओप्रा कायद्याखाली अर्ज करा. हा न्यू जर्सीचा माहिती अधिकार कायदा आहे. सर्वसाधारण अर्जाला सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पत्त्याबरोबर ब्लॉक आणि लॉट नंबर नक्की लिहा. आपल्याकडे गट नंबर असतो तसाच हा. रस्त्याचं नाव बदलतं, ब्लॉक-लॉट सहसा टिकतो. मागायचं ते असं: टाकी बसवण्याची, काढण्याची किंवा जागीच बंद करण्याची सगळी परमिटं, तपासणीचे शेरे, सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल, आणि तेलावरून गॅसवर गेल्याचं परमिट. हे शेवटचं लोक मागायला विसरतात. गॅसवर गेल्याचं परमिट सापडलं आणि टाकी काढल्याचं नाही, याचा अर्थ उघड आहे. दुसरा अर्ज राज्याच्या पर्यावरण खात्याकडे, म्हणजे डीईपीकडे करा. त्या पत्त्यावर कधी गळती नोंदली गेली होती का, आणि तिच्यावर ‘नो फर्दर अ‍ॅक्शन’चं पत्र, म्हणजे आता आणखी काही करायला नको असं पत्र, निघालं का, हे तिथे कळतं.

परमिट सापडलं पण ते ‘उघडं’ असेल, म्हणजे काम झालं आणि शेवटची तपासणी झालीच नाही, तर कागदावर टाकी अजून आहे असंच धरा.

पायरी ३ : टँक स्वीप

साध्या होम इन्स्पेक्शनमध्ये टाकीचा शोध सहसा येत नाही. तो वेगळा सांगावा लागतो. खर्च साधारण दोनशे ते पाचशे डॉलर, वेळ तासभर. सहा-सात लाखांच्या व्यवहारात वाचवायची ही जागा नाही.

चांगला माणूस तीन गोष्टी वापरतो. आधी मेटल डिटेक्टर किंवा मॅग्नेटोमीटरने सगळं अंगण पट्ट्यापट्ट्याने फिरतो. मग जिथे खूण मिळाली तिथे जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून आकार ओळखणारं यंत्र, ढकलगाडीसारखं फिरवतो. आडव्या टाकीवरून यंत्र आडवं नेलं की पडद्यावर कमान उमटते, लांबीने नेलं की सपाट रेघ. आणि तळघरात तांब्याच्या नळ्या सापडल्या तर त्यांना सिग्नल जोडून त्या जमिनीखालून कुठे जातात ते शोधतो. या तिसऱ्या पद्धतीला तोड नाही, कारण नळ्यांचं दुसरं टोक टाकीतच असतं.

काय बिघडतं तेही माहीत हवं. चिकण आणि ओल्या मातीत रडारच्या लहरी फार खोल जात नाहीत. लोखंडी जाळीचं कुंपण, सळ्यांचं काँक्रीट, ड्राइव्हवेवर उभी गाडी यांच्याजवळ मेटल डिटेक्टर निरुपयोगी ठरतो. नंतर बांधलेली खोली किंवा डेक टाकीच्या बरोबर वर येऊ शकतो. म्हणून लेखी अहवाल मागा. त्यात अंगणाचा नकाशा हवा आणि कोणता भाग तपासता आला नाही हे स्पष्ट हवं. ‘काही सापडलं नाही’ या एका ओळीच्या अहवालाला किंमत नाही. आदल्या दिवशी विक्रेत्याला गाड्या हलवायला सांगा.

खूण सापडली म्हणजे टाकीच असेल असं नाही. जुना शोषखड्डा, गाडलेला राडारोडा, मोठा दगड यांचाही आकार फसवतो. तिथे टोकदार सळई घालून किंवा हाताने छोटा खड्डा करून खात्री करतात. ती परवानगी विक्रेत्याकडून लेखी घ्या.

एक टाकी सापडली की शोध थांबवू नका. घर वाढवताना मोठी टाकी बसवली आणि जुनी लहान शेजारीच सोडली, असं होतं.

पायरी ४ : करारात काय लिहायचं

एजंटने केलेल्या करारावर दोघांच्या सह्या होऊन प्रती पोचल्या की तीन कामकाजाचे दिवस अ‍ॅटर्नी रिव्ह्यू, म्हणजे वकिलांकडून कराराची तपासणी, चालतो. टाकीची अटही तेव्हाच घालायची. इन्स्पेक्शनची मुदत करारात लिहिलेली असते, बहुधा दहा ते पंधरा दिवसांची. स्वीप त्या मुदतीत बसायला हवं, म्हणून त्याची वेळ करार होतानाच ठरवून ठेवा.

अटीत निदान एवढं यावं: जमिनीखाली टाकी सापडली तर विक्रेता स्वतःच्या खर्चाने परमिट काढून ती काढेल. टाउनचं अप्रूव्हल आणि काढणाऱ्या कंपनीचा अहवाल क्लोजिंगआधी देईल. गळती निघाली तर डीईपीचं पत्र मिळेपर्यंत क्लोजिंग पुढे जाईल किंवा खरेदीदाराला डिपॉझिटसह बाहेर पडता येईल.

विक्रेते इथे दोन मार्ग सुचवतात, दोन्हींपासून सावध राहा. पहिला: ‘तीन हजार डॉलर कमी करतो, टाकी तुम्हीच काढा.’ रिकामी टाकी काढायला साधारण दीड ते साडेतीन हजार लागतात हे खरं. पण क्लोजिंगनंतर खाली खराब माती निघाली तर ते तीन हजार पहिल्या दिवशीच संपतात आणि पुढचं सगळं तुमचं. दुसरा: ‘टाकीची प्रेशर टेस्ट करून घ्या.’ टाकी आज हवा धरते, एवढंच त्यातून कळतं. गंजाचा पोपडा किंवा ओली चिकणमाती भोकावर बसली तर फुटकी टाकीही तेवढा वेळ टिकते. काल मातीत काय गेलं हे टेस्ट सांगत नाही, आणि जास्त दाबाने कुजका पत्रा फुटला तर नवीच भानगड.

टाकी जागेवर असताना माती तपासायची असेल तर टाकीपासून दोनेक फुटांवर, लांबीच्या दोन्ही बाजूंनी, तळाच्या थोडं खालपर्यंत ड्रिल करून नमुने काढतात. हा मार्ग चांगला आहे, पण बरेच विक्रेते त्याला नकार देतात. झाकली मूठ सव्वा लाखाची: नमुन्यात तेल निघालं की गळती कळवावी लागते, मग व्यवहार होवो न होवो. त्यामुळे ठाम नकार मिळाला तर थेट टाकी काढण्याचाच आग्रह धरा. निकाल तोच, आणि अधिक पक्का.

गळती निघाली आणि तरीही दोन्ही पक्षांना व्यवहार हवा असेल तर सफाईच्या लेखी अंदाजाच्या निदान दीडपट रक्कम वकिलाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे काम होईपर्यंत पैसे राखून ठेवायच्या खात्यात, ठेवून क्लोजिंग करण्याची प्रथा आहे. कर्ज देणारी बँक आणि घराचा विमा देणारी कंपनी याला तयार आहेत का, ते आधी लेखी विचारा. पुरलेली टाकी आहे म्हटल्यावर विमा नाकारणाऱ्या कंपन्या कमी नाहीत.

पायरी ५ : टाकी काढण्याचा दिवस

कंपनी निवडताना तिचं आणि कामावर येणाऱ्या माणसाचं डीईपीचं सर्टिफिकेट मागा. टाकी बंद करण्याचं सर्टिफिकेट वेगळं आणि मातीचं मूल्यमापन करण्याचं, म्हणजे सबसर्फेस इव्हॅल्युएटरचं, वेगळं असतं. आमचं मत असं की काढणारा आणि गळतीचं निदान करणारा एकच असेल तर अंदाज फुगण्याची शक्यता राहते. शक्य तर खड्ड्यापाशी स्वतंत्र इव्हॅल्युएटर उभा करा.

परमिट टाउनच्या कन्स्ट्रक्शन ऑफिसातून. कायद्याने त्यांना वीस कामकाजाचे दिवस आहेत, लहान कामाला त्याआधी मिळतं. खोदणाऱ्याने ८११ या फोन नंबरवर निदान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं. मग माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात: लाल वीज, पिवळा गॅस, केशरी फोन-केबल, निळा पाणी, हिरवा सांडपाणी. खाजगी लाइन, म्हणजे लॉनचा स्प्रिंकलर किंवा गॅरेजला नेलेली वीज, ते दाखवत नाहीत. त्या मालकाने सांगायच्या. परमिट, खुणा आणि टाउनच्या इन्स्पेक्टरची वेळ धरून तीन-चार आठवडे हातात ठेवा.

कामाचा क्रम असा. माथ्यावरची माती काढून टाकी उघडी करतात. नळ्यांतलं तेल परत टाकीत उतरवून नळ्या तोडतात. आतल्या हवेतली ज्वलनशील वाफ मीटरने मोजतात. ती स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या दहा टक्क्यांच्या आत आल्याशिवाय माणूस आत उतरवू नये. माथ्याला मोठं तोंड कापतात, उरलेलं तेल पंपाने टँकरमध्ये घेतात, तळाचा काळा गाळ खरवडून शोषक कापडाने पुसतात. मग बॅकहोने टाकी उचलून बाहेर ठेवतात आणि बाहेरची माती झाडून काढतात.

यापुढची पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. इन्स्पेक्टर आल्याशिवाय खड्डा बुजवायचा नाही. टाकीचा तळ आणि दोन्ही टोकं नीट बघा. गंजाचा फुगवटा असेल तिथे हातोडीने टकटक करा. बारीक भोकं तेव्हाच दिसतात. खड्ड्यात डोकावा: माती राखाडी-हिरवट झाली आहे का, डिझेलचा वास येतो का, तळाशी पाणी असेल तर त्यावर इंद्रधनुषी तवंग आहे का. फोटो काढा: टाकीच्या चारही बाजू, तळ, खड्ड्याच्या भिंती, आणि एका फोटोत मागे घर दिसेल असा. उद्या कुणी विचारलं की हा खड्डा याच अंगणातला कशावरून, तर उत्तर हवं.

टाकी धड निघाली आणि मातीत काही नाही, तर नमुने घेण्याची सक्ती नाही. तरीही तळाच्या मातीचे एक-दोन नमुने राज्यमान्य लॅबकडे पाठवून घ्या. काहीशे डॉलरमध्ये पुढच्या विक्रीच्या वेळचा वाद मिटतो. भरावाला प्रमाणित स्वच्छ माती मागा आणि तिची पावती ठेवा. ५५० गॅलनच्या टाकीने जवळजवळ तीन घनयार्ड जागा घेतलेली असते, तेवढी तरी माती बाहेरून लागते. फूट-फूट जाडीचे थर टाकून दाबले नाहीत तर दोन पावसाळ्यांत अंगण खचतं. ड्राइव्हवेखालची टाकी असेल तर हे दाबणं करारातच लिहून घ्या.

भरायचा आणि व्हेंटचा पाइप भिंतीपासून पूर्ण काढायला लावा. तेलवाल्याचा ड्रायव्हर पत्ता चुकून आला आणि उरलेल्या पाइपात नळी लावून पंप सुरू केला, तर दोनशे गॅलन तेल थेट तळघरात येतं. असे प्रकार खरंच घडले आहेत.

पायरी ६ : भोक निघालं तर

काम थांबवायचं आणि डीईपीच्या हॉटलाइनवर, १-८७७-९२७-६३३७ वर, लगेच कळवायचं. तिथे तारीख आणि वेळ जोडून बनवलेला केस नंबर मिळतो. तो लिहून ठेवा, पुढची सगळी कागदपत्रं त्याच नंबरावर चालतात. ‘दोन बादल्या माती काढू आणि बुजवू’ असं सुचवणाऱ्याला तिथेच थांबवा.

मग खराब माती काढायची, खड्ड्याच्या भिंती आणि तळातून नमुने घ्यायचे, लॅबच्या निकालावर पुढची दिशा ठरवायची. लॅब ईपीएच नावाचा आकडा देते, म्हणजे मातीतून निघणाऱ्या पेट्रोलियम हायड्रोकार्बनचं प्रमाण. ते वाढलं तर नॅफ्थॅलिनसारख्या घटकांचीही तपासणी होते. घरगुती टाकीच्या प्रकरणात हे काम प्रमाणित सबसर्फेस इव्हॅल्युएटर करू शकतो. महागडा साइट प्रोफेशनल, म्हणजे राज्याचा परवानाधारक सफाईतज्ज्ञ, नेमावाच लागतो असं नाही.

खर्च कसा चढतो ते समजून घ्या. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, आठ फूट खोल भाग खराब निघाला तर ती सुमारे साडेपस्तीस घनयार्ड माती होते. घनयार्डाला दीड टन धरला तरी पन्नास टनांवर. विल्हेवाटीचा दर टनावर असतो, वर ट्रक, लॅब आणि नवी माती. लहान गळती दहा ते तीस हजार डॉलरमध्ये आटोपते. तेल घराच्या पायाखाली गेलं तर पायाला आधार देऊन खोदावं लागतं. भूजलापर्यंत किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं तर निरीक्षण विहिरी येतात आणि आकडा लाखाच्या वर जाऊ शकतो. म्हणून ‘कमाल खर्च’ सांगणारा अंदाज कधीच मान्य करू नका. प्रति टन दर, नमुन्यामागे दर आणि ट्रकचा दर असे वेगळे लिहून घ्या. दर टनाचं बिल आलं की वजनकाट्याची पावती मागा, बिल आणि पावत्या जुळवून बघा.

सफाई पूर्ण होऊन अहवाल गेला की डीईपीकडून ‘नो फर्दर अ‍ॅक्शन’चं पत्र येतं. त्याला महिने लागू शकतात. शाळा सप्टेंबरात सुरू होते म्हणून ऑगस्टमध्ये घर हवंच असलेल्या कुटुंबाने ही गोष्ट मे महिन्यातच लक्षात घ्यावी.

आधीच वाळू भरून बंद केलेली टाकी

ही सगळ्यात फसवी. १९८० आणि ९० च्या दशकांत बऱ्याच टाक्या रिकाम्या करून वाळू, सिमेंटचा पातळ गारा किंवा फोम भरून जागीच सोडल्या. टाउनचं परमिटही असतं. पण आत माणूस उतरला होता का, तळाला भोक पाडून खालच्या मातीचे नमुने घेतले होते का? त्या काळच्या बहुतेक फायलींत मातीचा अहवाल नसतो. अहवाल नसेल तर आमच्या लेखी ती टाकी काढायचीच. वाळूने भरलेली टाकी काढायला जास्त पैसे लागतात, कारण काही टन वाळू आधी उपसावी लागते आणि तीही तेलकट निघाली तर वेगळी टाकावी लागते.

टाकी घराच्या पायाखाली किंवा खोलीखाली गेलेली असेल तर जागीच बंद करणं योग्य ठरू शकतं. मात्र तळातून नमुने घेऊन आणि लेखी अहवालासकट.

विकणाऱ्यासाठी

घर बाजारात आणण्याच्या तीन महिने आधी स्वीप स्वतः करून घ्या आणि टाकी काढा. खरेदीदाराचा वकील टाकी शोधतो तेव्हा वेळापत्रक त्याच्या हातात जातं, भाव पाडायला कारण मिळतं, आणि घाईत मिळेल त्या कंपनीला जास्त पैसे द्यावे लागतात. टाकी अजून वापरात असेल तर काम हिवाळ्यात धरू नका. आधी गॅसची जोडणी किंवा तळघरातली नवी टाकी चालू करा, मग जुनी काढा. तेलाची कंपनी आपोआप तेल भरत असेल तर ते लेखी बंद करा.

गळती निघाली तर दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी घराच्या विम्याच्या सगळ्या जुन्या पॉलिसी शोधा. स्वतःच्या जमिनीची सफाई सहसा वगळलेली असते, पण भूजल किंवा शेजाऱ्याच्या नुकसानीसाठी काही पॉलिसींत दावा लागू पडतो. त्यासाठी विमा कंपनीला ताबडतोब कळवावं लागतं.

घर घेतल्यानंतर टाकी सापडली तर

झाड लावायला खड्डा केला आणि कुदळ पत्र्यावर आपटली, तर खोदणं थांबवा, फोटो काढा, क्लोजिंगची फाइल उघडा. विक्रेत्याने निवेदनात काय लिहिलं होतं आणि टायटल कंपनीने, म्हणजे मालकी हक्क तपासणाऱ्या कंपनीने, काय शोधलं होतं ते वकिलाला दाखवा. मॉरिसटाउनच्या त्याच खटल्यात न्यायालयाने ठरवलं की स्पिल कायद्याखाली दुसऱ्या जबाबदार पक्षाकडून सफाईचा वाटा मागण्याला मुदतीचं बंधन नाही. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या मालकाकडेही मागणी जाऊ शकते. तेल त्याच्याच काळात गेलं हे दाखवणं मात्र अवघड असतं, म्हणून टाकीचे आणि गंजाचे फोटो आणि जुन्या तेलाच्या पावत्या जपून ठेवा.

न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडपासून कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स, ओरेगन आणि वॉशिंग्टनपर्यंत अशाच टाक्या आहेत. शोधण्याची आणि काढण्याची पद्धत सारखी, पण नियम प्रत्येक राज्याचा वेगळा. ओरेगनमध्ये पर्यावरण खात्याचा घरगुती तेलटाक्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. वॉशिंग्टनमध्ये पीएलआयए ही सरकारी संस्था हेच काम बघते. तिथे घर घेताना न्यू जर्सीतल्या मित्राने पाठवलेली करारातली अट जशीच्या तशी चिकटवू नका. डीईपीच्या पत्राची अट घातली आणि त्या राज्यात तसं पत्र निघतच नसेल, तर क्लोजिंग अडतं.